जुना गेम परत उघडलात का? काय झालं? (अनुभव धागा)

भिंगरी:
परवा मी कपाट आवरत होते आणि मुलगा मागे लॅपटॉपवर काहीतरी उघडून बसला होता. मध्येच एक आवाज आला. लोखंडी जाळीचं दार वर सरकताना येतो तो, कट कट कट. हातातले कपडे तसेच टाकून वळले. 'प्रिन्स ऑफ पर्शिया'! पहिला, १९८९ चा. कितीतरी वर्षांनी ऐकला तो आवाज, पण दार खाली यायच्या आत पळायचं हे अंगाला लगेच आठवलं.

मग बसलेच खेळायला. पहिल्यांदा जाणवलं ते हे, की हा गेम काही म्हणजे काहीच सांगत नाही. राजपुत्र तळघरात पडतो, मागचं दार बंद. कुठे जायचं, काय दाबायचं, चकार शब्द नाही. समोरच्या पहारेकऱ्याकडे तसेच गेलात तर एका वारात खलास, कारण तलवार अजून हातातच नाही. ती दुसऱ्याच बाजूला कुठेतरी पडलेली आहे. वर ६० मिनिटांचं घड्याळ चालू, आणि मेलात तरी गेलेला वेळ परत मिळत नाही. मुलगा म्हणाला, "आई, शिकवत का नाहीये हा?" मला उत्तर देता येईना. आम्हाला कुठे कोणी शिकवलं होतं? शिफ्ट दाबून पाऊल टाकलं की कडेवरून पडत नाही आणि काट्यांतूनही सुखरूप जाता येतं, हे आम्ही शेकडो वेळा मरून शोधलं.

आणि मग बारावी लेव्हल आठवली. तिथे आपलीच सावली तलवार काढून समोर उभी राहते. त्या वेळी दादा खेळायचा आणि मी शेजारी स्टुलावर. कीबोर्ड मला मिळायचा नाही. सावलीला वार केला की तिचा एक प्राण जायचा आणि आपलाही. तिला मारलं की आपणही मेलो. दादा किती दिवस अडकला होता! एकदा मी म्हटलं, "तिला मारलं की तूच मरतोस ना, मग मारू नकोस." दादाने चिडून तलवार म्यान केली. सावलीनेही केली. तो पुढे पळत गेला आणि दोघं एकमेकांत मिसळून गेले. आम्ही दोघंही खुर्चीवरून उठलो होतो.

आजचा गेम असता तर तिथे पडद्यावर आलं असतं, 'तलवार म्यान करण्यासाठी खालचा बाण दाबा.' आमचा तो क्षण मग आमचा राहिला नसता, असं मला मनापासून वाटतं. पण हेही खरं की मुलाने वीस मिनिटांत लॅपटॉप मिटला, आणि तो काही चुकला असं मला म्हणवत नाही.

तुम्ही कोणता जुना गेम परत उघडलात? तेव्हासारखा वाटला का? लिहा सगळे.

रातकिडा:
आयजीआय!!! शत्रूच्या तळात एकट्याने घुसायचा बंदुकीचा गेम, २००० साली आला होता. मिशनच्या मध्ये सेव्ह नाही. एवढंच लिहितो, बाकी ज्यांनी भोगलंय त्यांना कळेल.

तिसरामजला:
@रातकिडा भोगलंय. टॉवरवरचा स्नायपर टिपला, कॅमेरा बंद केला, कॉम्प्युटर हॅक केला, पस्तीस मिनिटं गेली, आणि शिडी उतरताना मागून गोळी. शिडीवर असताना बंदूक चालत नाही. परत पहिल्यापासून.

रातकिडा:
आणि अलार्म वाजला की बराकीतून माणसं येतच राहायची. संपायचीच नाहीत. मला वाटायचं आत कारखाना आहे माणसांचा.

मागच्या महिन्यात परत टाकला. चार मिशन झाली, पाचव्याला शेवटच्या दारापाशी मेलो आणि उठून गेलो. तेव्हा वाटायचं गेम अवघड आहे. आता वाटतं, जे मला येतं तेच परत परत करायला लावतोय. अवघड असणं वेगळं आणि वेळ खाणं वेगळं. दुसऱ्या भागात त्यांनी मोजके का होईना सेव्ह दिले, म्हणजे त्यांनाही कळलं होतं.

कडीकोयंडा:
मी उलट म्हणेन. सेव्ह नव्हता म्हणून तर मी टेकडीवर दुर्बीण घेऊन दहा दहा मिनिटं पडून राहायचो. कोण कुठे फिरतो, कुठे वळतो, सगळं पाठ. आताच्या गेममध्ये दर दोन मिनिटांनी आपोआप सेव्ह होतं, मग मी सरळ आत घुसतो. मेलो तर मेलो. भीतीच राहिली नाही. दुर्बीण आताही असते, पण काढावीशी वाटत नाही.

निळीशाई:
भिंगरी, सुंदर लिहिलंय. बारावी लेव्हल आमच्याकडे कोणी पाहिलीच नाही, सहावीतल्या जाड्या पहारेकऱ्यापाशी सगळे संपायचे. रात्री सविस्तर लिहिते, मला 'टूम रेडर'वर बोलायचंय.

ढगफुटी:
डेव्ह! डेंजरस डेव्ह! कोणीच कसं नाही घेतलं नाव!
ट्रॉफी घेतल्याशिवाय दार उघडत नाही. जेटपॅकचं इंधन मध्येच संपतं. दहा लेव्हल. सेव्ह नाही, पण पंधरा-वीस मिनिटांत संपायचा म्हणून चालायचं.

तिसरामजला:
डेव्ह ज्याने केला तो जॉन रोमेरो. पुढे १९९३ मध्ये 'डूम' ज्यांनी केला त्यांच्यातला एक.

ढगफुटी:
काय सांगता! डूमवाला रोमेरो? तो लाल टोपीचा डेव्ह आणि डूम एकाच माणसाचे?

तिसरामजला:
तोच.

ढगफुटी:
आता भावाला फोन करून सांगतो. 

सांजवेळ:
एज ऑफ एम्पायर्स. नवरा आणि मी अजून खेळतो, मुलं झोपल्यावर. २०१९ ची नवी आवृत्ती घेतली तेव्हा सगळ्यात आधी माझ्या लक्षात आलं ते शेत. जुन्यात शेत संपलं की तो शेतकरी तिथेच उभा, बिचारा. आपण लढाईत गुंतलेलो आणि इकडे आठ जण रिकाम्या जमिनीवर उभे. परत लाकूड द्या, परत एकेक शेत लावा. आता शेत आपलं आपण पेरलं जातं. सुरुवातीचा घोडेस्वारही सांगितलं तर नकाशा स्वतःच फिरून येतो.

नवऱ्याला हे अजिबात आवडलं नाही. त्याचं म्हणणं, शेतांवर लक्ष ठेवणं हेच तर कसब होतं. मला नाही पटत. ती हमाली होती. आता माझं डोकं कुठे चढाई करायची यात असतं, आणि तेव्हापासून मी जास्त वेळा जिंकते, हेही त्याला आवडत नसावं.

आडवाट:
@सांजवेळ त्याच्याही आधीचा, १९९७ चा पहिला भाग खेळून बघा. त्यात एका मागोमाग एक माणसं बनवायची रांगच लावता येत नव्हती. एक गावकरी तयार झाला की परत टाऊन सेंटरवर जाऊन दुसरा. माणसं जास्तीत जास्त ५०. आणि दरवाजे नाहीत! भिंत बांधली की आपलेच लोक आत कोंडलेले.

सांजवेळ:
हो हो, भिंत पाडून बाहेर काढायचो! पुजारी समोरच्याचा माणूस आपल्याकडे ओढताना म्हणतात ते वोलोलो मात्र अजून घरात चालतं. रिमोट हवा असला की मुलगा माझ्याकडे हात करून वोलोलो म्हणतो.

रातकिडा:
वोलोलो 😄 आमच्याकडे पण!

शून्यप्रहर:
लिफ्टमध्ये लिहितोय, चुका माफ. जीटीए व्हाइस सिटी. रिमोटचं हेलिकॉप्टर. चार बॉम्ब. बस.

कडीकोयंडा:
नका हो आठवण काढू. नंबरपॅडवर बोटं दुखायची.

शून्यप्रहर:
पोहोचलो. तर २००२ चा गेम. मिशन फसलं की परत त्या जागी जा, परत बोलणं ऐका, परत हेलिकॉप्टर उडवा. टॅक्सी यायची म्हणून निदान रस्ता तरी वाचायचा. आमच्या ओळखीतल्या निम्म्या मुलांची गोष्ट त्या हेलिकॉप्टरपाशीच थांबली. मग सगळे रणगाडा मागवायचा कोड टाकून नुसते शहरभर फिरायचे. त्याच मालिकेत २०१३ च्या पाचव्या भागात तीनदा फसलात तर तो तुकडा वगळून पुढे जाता येतं. मी एकदाही वगळला नाही, पण वगळता येतं म्हटल्यावर राग येत नाही. डोकं शांत राहतं आणि जमतं.

मुक्कामपोस्ट:
मला मदत हवी आहे. जुन्या सीडी सापडल्यात आणि लॅपटॉपला सीडीची खाचच नाही. काय करावं?

तिसरामजला:
बाहेरून जोडायचा यूएसबी ड्राइव्ह मिळतो. पण आधी सांगा, गेम डॉसचे (विंडोजच्या आधीची सिस्टिम) आहेत की विंडोजचे?

मुक्कामपोस्ट:
दोन्ही असावेत. एकावर फक्त 'गेम्स २' लिहिलंय, मोठ्या भावाचं अक्षर.

तिसरामजला:
डॉसचे असतील तर डॉसबॉक्स नावाच्या प्रोग्रॅममध्ये चालतील. एक लक्षात ठेवा, काही जुने गेम प्रोसेसरच्या वेगावर पळायचे. नव्या मशिनवर सरळ चालवले तर माणूस एका क्षणात पडद्याच्या या टोकाचा त्या टोकाला. डॉसबॉक्समध्ये कंट्रोल आणि एफ११ ने वेग कमी होतो, एफ१२ ने वाढतो.

निळीशाई:
आले. तर 'टूम रेडर'. पहिला १९९६ चा. २०२४ च्या फेब्रुवारीत पहिल्या तीन भागांची नवी आवृत्ती आली, त्यात एक बटण दाबलं की जुनं चित्र, परत दाबलं की नवं. मी पहिले दोन तास नुसतं तेवढंच करत होते. माझ्या आठवणीत त्यातली नायिका लारा नव्या चित्रासारखी होती! जुनं चित्र बघितलं तर तो तळ्याकाठचा खडक म्हणजे चार त्रिकोण.

पण खरी गंमत कंट्रोलची. जुन्या पद्धतीत लारा ट्रकसारखी वळते. डावा बाण म्हणजे डावीकडे जाणं नाही, जागच्या जागी डावीकडे वळणं. नवीन आवृत्तीत आजच्यासारखे कंट्रोल पण दिलेत, जिकडे काठी वळवाल तिकडे ती पळते. मी आनंदाने ते लावले आणि पहिल्याच मोठ्या उडीत दरीत. परत, परत दरीत.

मग कळलं. ते सगळं जग चौकोनी फरशांवर मापून बांधलेलं आहे. कडेपर्यंत चालत जायचं, चालताना ती कडेला आपोआप थांबते. मग एक उडी मागे. मग पळत सुटायचं आणि उडीचं बटण आधीच दाबून धरायचं, ती बरोबर कडेवरून उडते. एवढी धाव म्हणजे एवढे चौकोन, ठरलेलं गणित. उडी मारायच्या आधी उभं राहून चौकोन मोजायचे, आणि मोजणं बरोबर असेल तर उडी चुकूच शकत नाही. नवे कंट्रोल त्या मापाचे नाहीत. एका कुलपाची किल्ली दुसऱ्याला लावल्यासारखं झालं. मी जुन्यावर परत गेले आणि अर्ध्या तासात बोटांना सगळं आठवलं.

त्यामुळे "जुने कंट्रोल वाईट होते" असं कोणी म्हटलं की मला वाईट वाटतं. ते त्या जागेसाठी बनवलेले होते. आता उडी गेमच सांभाळून घेतो, आपण जवळपास नेलं की हात आपोआप कडा पकडतो. छान दिसतं. पण दरीकडे बघून पोटात गोळा येत नाही.

ढगफुटी:
बटलर!!

निळीशाई:
😄 दुसऱ्या भागात, लाराच्या घरातला म्हातारा नोकर. त्याला थंड खोलीत बंद करून ठेवलं नाही असा माणूस अजून भेटायचाय मला. ट्रे वाजवत मागे मागे यायचा.

ढगफुटी:
मी आणि बहीण त्यासाठीच गेम लावायचो. पुढची लेव्हल कशी आहे आम्हाला आजही माहीत नाही.

आडवाट:
निळीशाई, तुमच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून. आता जिथे चढता येतं तिथे पिवळा रंग फासलेला असतो. निर्जन डोंगर, हजार वर्षांत माणूस फिरकलेला नाही, आणि कपारीला पिवळा पट्टा. कारणही समजतं, आताचं चित्र इतकं तपशिलाने भरलेलं असतं की चढायचा दगड कोणता आणि शोभेचा कोणता हे ओळखूच येणार नाही. चार त्रिकोणांच्या जगात जे होतं ते सगळं कामाचंच होतं.

चांदणचुरा:
वाचतेय सगळं, खूप छान धागा. माझ्याकडे लिहिण्यासारखं नाही, मी फक्त माइनस्वीपर खेळले आहे. ऑफिसात. १९९८ पासून. अजून.

रातकिडा:
@चांदणचुरा यात सगळं आलं. वेळ सांगा, एक्सपर्टचा.

चांदणचुरा:
१४२ सेकंद.

रातकिडा:
🙏

शून्यप्रहर:
🙏🙏

वळचण:
'मॉरोविंड' कोणी खेळलंय का इथे? २००२. मला त्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाहीये, लांबेल जरा.

त्यात नकाशावर बाण नाही. कोणी काम सांगितलं की रस्ता तोंडी सांगतो. गावाबाहेर पडा, नदी ओलांडा, दगडांपासून उत्तरेला, जुना पूल लागेल तिथे डावीकडे. ते सगळं रोजनिशीत लिहिलं जातं आणि आपण ते वाचत वाचत चालायचं. मी तर वहीत लिहून घ्यायचो. ती वही अजून आहे माझ्याकडे. त्यातला एक पानभर कागद एका कोडं असलेल्या छोट्या पेटीसाठी आहे. अगदी सुरुवातीचं काम, जुन्या भग्न वास्तूतून ती पेटी आणून द्यायची. मी तीन संध्याकाळी तिथल्या खोल्या पालथ्या घातल्या. पेटी एका फळीवर होती, इतर भांड्यांसारखीच दिसणारी. समोरून चार वेळा गेलो होतो.

पुढचा भाग २००६ ला आला आणि त्यात होकायंत्रावर खूण आली. जिकडे खूण तिकडे नाक. मी तो दोनशे तास खेळलो असेन आणि मला त्यातला एकही रस्ता सांगता येणार नाही. मॉरोविंडमधलं ते पहिलं गाव, तिथून किड्यासारखं उंच जनावर पाठीवर घेऊन पुढच्या शहरात नेतं ते ठिकाण, तिथला पूल, सगळं आजही डोळ्यांपुढे आहे. कारण मला ते बघावं लागलं होतं. खूण असली की डोळे सगळा वेळ कोपऱ्यातल्या त्या ठिपक्यावर.

गेल्या हिवाळ्यात परत लावला. खरं सांगायचं तर पहिले दोन दिवस जड गेले. चालणं इतकं हळू! तलवार समोरच्याला लागलेली दिसते पण आत फासे पडतात आणि वार वाया. रोजनिशी म्हणजे तारखेनुसार एकाखाली एक नोंदी, हवं ते सापडत नाही. हे सगळं सुधारायलाच हवं होतं आणि सुधारलं. पण रस्ता काढून घेतला ते मात्र सुधारणेत मोडत नाही.

कडीकोयंडा:
वळचण, वहीचा फोटो टाका ना!

वळचण:
टाकतो. अक्षर त्या वयातलं आहे.

आडवाट:
@वळचण २०१७ चा झेल्डा, 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड', खेळलात का? त्यात उंच ठिकाणी चढून आपणच आजूबाजूला बघायचं आणि जिकडे जावंसं वाटलं तिथे आपल्या हाताने खूण लावायची. १९८६ च्या पहिल्या झेल्डातही असंच मोकळं सोडून द्यायचे. मध्ये सगळे बोट धरून चालवायला लागले होते, आता काही जण परत हात सोडायला लागलेत.

वळचण:
खेळलो, आणि पहिल्याच टेकडीवर थांबून राहिलो होतो. तुम्ही अगदी बरोबर ओळखलंत.

पानगळ:
मी जरा वेगळं लिहिते. तीन वर्षांपूर्वी माझ्या उजव्या मनगटाचं ऑपरेशन झालं. आता एका वेळी दोन बटणं धरून ठेवता येत नाहीत. लहानपणीचा 'मारिओ' लावला, १९८५ चा, जो मला पाठ होता. पळायचं बटण धरून उडीचं दाबायचं, एवढंच तर आहे. नाही जमलं. पहिल्या जगातला शेवटचा किल्लासुद्धा नाही. आणि त्या गेममध्ये बदलायला काहीच नाही, आहे ते तसं खेळा.

नंतर भाचीने 'सेलेस्ट' लावून दिला, २०१८ चा. तोही उड्यांचाच, आणि खूप अवघड म्हणून प्रसिद्ध. पण त्यात मदतीची एक यादी आहे. वेग कमी करता येतो, दम न संपणारा करता येतो. मी वेग ७० टक्के केला आणि डोंगर चढले, शेवटपर्यंत. रडले होते वर पोहोचल्यावर. २०२० च्या 'द लास्ट ऑफ अस'च्या दुसऱ्या भागात अशा साठाहून जास्त सोयी आहेत, डोळ्यांनी अजिबात दिसत नाही अशी माणसंही तो पूर्ण करतात.

म्हणून "आता गेम सोपे झाले" हे वाचलं की मी थांबते. कोणासाठी सोपे? माझ्यासाठी ते शक्य झाले. वरती सगळ्यांनी लिहिलेलं मला पटतंय, रस्ता शोधण्याचा आनंद वगैरे, मलाही तो हवा आहे. फक्त दार उघडं ठेवून तो द्या.

भिंगरी:
पानगळ, किती महत्त्वाचं लिहिलंत. मी मुलगा कंटाळला एवढंच बघत होते, हा विचारच केला नव्हता. मनगट आता कसं आहे?

पानगळ:
बरं आहे. हे डाव्या हाताने टाइप केलंय. 🙂

कडीकोयंडा:
पानगळताई, मी वर भीती राहिली नाही वगैरे लिहिलं. ते माझ्यापुरतं. तुमचा मुद्दा मान्य, पूर्ण मान्य.

मुक्कामपोस्ट:
यूएसबी ड्राइव्ह मागवला. 'गेम्स २' मध्ये काय आहे ते कळवतो.

झुळूक:
पोकेमॉन गोल्ड. माझ्या धाकट्या भावाचं कार्ट्रिज. तो आता नाही. त्याची टीम बघावी म्हणून इतक्या वर्षांनी लावलं, तर फक्त 'नवीन गेम'. आत एक छोटी बॅटरी असते म्हणे, ती संपली की सगळं जातं. मला माहीतच नव्हतं. कोणाला माहीत असेल तर सांगा, परत मिळवता येतं का.

तिसरामजला:
झुळूक, वाईट वाटलं. खोटी आशा दाखवत नाही, सेव्ह त्या बॅटरीच्या विजेवरच टिकून असतो, वीज गेली की पुसला जातो, परत येत नाही. गोल्ड आणि सिल्व्हरमध्ये तर आत घड्याळही चालतं, दिवस-रात्र दाखवायला, म्हणून त्यांची बॅटरी आधीच्या भागांपेक्षा लवकर संपते. सीआर२०२५ असते, डाग देऊन बसवलेली. नवीन बसवली की कार्ट्रिज परत सेव्ह करू लागेल.

झुळूक:
बरं. धन्यवाद. त्याच्या पहिल्या पोकेमॉनचं नाव त्याने माझ्या नावावरून ठेवलं होतं. मी बॅटरी बदलून घेते आणि तेच नाव देऊन सुरू करते.

पानगळ:
❤️

सांजवेळ:
झुळूक, मिठी. 

ज्यांच्याकडे अशी जुनी कार्ट्रिज अजून चालू आहेत त्यांनी सेव्ह काढून ठेवा रे, आजच. कार्ट्रिज वाचून कॉम्प्युटरवर उतरवणारी उपकरणं मिळतात.

दोनमुलं:
मशीनमधले कपडे वाळत घालायचेत, पटकन लिहिते. मुलगी फोनवर एक गेम खेळते, नाव नाही लिहीत. पाच जीव. संपले की 'अर्ध्या तासाने या'. नाहीतर पैसे द्या. काल ती रडत होती कारण पाहुण्यांकडे जाताना 'रोजचं बक्षीस' घ्यायचं राहिलं आणि तिची साखळी तुटली. आमच्या मारिओला पण तीनच जीव होते. संपले की पहिल्यापासून, पण लगेच. आत्ता. गेमने कधी उद्या ये म्हटलं नाही. आणि नाही आलो तर शिक्षा नाही केली. मला हा फरक सगळ्यात मोठा वाटतो, सेव्ह आणि बाण राहू द्या बाजूला.

आडवाट:
@दोनमुलं नीट पकडलंत. खरं तर तीन जीव ही पद्धतही पैशांचीच होती. आर्केडच्या मशिनमध्ये नाणं टाकायचं, माणूस लवकर मेला तर पुढचं नाणं, म्हणून गेम मुद्दाम कडक. घरी आले तरी त्या पद्धती तशाच राहिल्या. पण घरात नाणं टाकायची जागाच नव्हती, त्यामुळे नुसतं कडकपण उरलं. आता ती जागा फोनमध्ये परत आली आहे.

दोनमुलं:
हे माहीत नव्हतं! बाकीचं नंतर, वारा सुटलाय.

शून्यप्रहर:
माझंही एक. आठ वर्षं खेळलेला गाड्यांचा गेम, कंपनीने सर्व्हर बंद केले. एकट्याने खेळायचा भागही सर्व्हरवरच चालायचा, त्यामुळे आता सुरूच होत नाही. भिंगरीताई ३५ वर्षांहून जुना गेम उघडू शकतात आणि मी त्याहून कितीतरी नवा गेम नाही. मुलाला दाखवायला काय उरणार?

ढगफुटी:
भावाला सांगितलं रोमेरोचं. तो म्हणे मला माहीत होतं. इतकी वर्षं बोलला नाही!

कडीकोयंडा:
डक हंटची बंदूक सापडली माळ्यावर. नव्या टीव्हीवर एक बदक मरत नाहीये. बंदूक बिघडली असेल?

तिसरामजला:
बंदूक ठीक असेल, टीव्ही चुकीचा आहे. घोडा दाबला की पडदा क्षणभर पूर्ण काळा होतो, आणि मग फक्त बदकाच्या जागी पांढरा चौकोन. बंदुकीच्या नळीत उजेड ओळखणारा डोळा असतो. आधी काळोख, मग उजेड, असं ठरलेल्या क्षणी दिसलं तर नेम लागला. नवे टीव्ही चित्र दाखवायला किंचित उशीर करतात, तोवर गेमने निकाल देऊन टाकलेला असतो. जुना काचेचा डबा टीव्हीच लागेल.

कडीकोयंडा:
म्हणजे बंदूक गोळी सोडत नव्हती, बघत होती! आणि मी लहानपणी टीव्हीच्या काचेला भोक पडेल म्हणून लांब उभा राहायचो.

निळीशाई:
भिंगरी, तुमच्या सावलीबद्दल एक सापडलं. गेम करणारा जॉर्डन मेकनर, त्याने धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून व्हिडिओ काढला आणि त्यावरून राजपुत्राची चाल काढली. ती चित्रं इतकी जागा खायची की ॲपल टू या त्या वेळच्या कॉम्प्युटरवर दुसऱ्या पात्राला जागाच उरली नव्हती. मग राजपुत्राचीच चित्रं किंचित सरकवून स्वतःवरच टाकली आणि ती चमकती सावली तयार झाली. मूळ कोडच्या फ्लॉपी हरवल्या होत्या, २०१२ मध्ये त्याच्या वडिलांना कपाटात सापडल्या.

भिंगरी:
म्हणजे सावली खरोखरच तोच होता! जागा नव्हती म्हणून! अंगावर काटा आला. आणि पळणारा भाऊच होता. हे आत्ताच्या आत्ता दादाला पाठवते.

भिंगरी:
दादाचं उत्तर: "ते मी म्हणालो होतो, तू नाही."

रातकिडा:
😄😄 आता?

भिंगरी:
त्याला इथे आयडी काढायला सांगितलंय.

मुक्कामपोस्ट:
'गेम्स २' मध्ये प्रिन्स आहे. आणि डेव्ह. आणि भावाच्या शाळेच्या प्रकल्पाचं एक पान.

भिंगरीचा_दादा:
नमस्कार मंडळी. नोंदीसाठी लिहितो. मारू नको हे मी स्वतःशी म्हणालो होतो. छोटी त्या वेळी स्टुलावर झोपली होती. उठली तेव्हा सावली आत गेलेली होती.

भिंगरी:
झोपले नव्हते दादा. झोपले असते तर म्यान करताना तू रागाने स्पेसबार आपटलास आणि त्याची टोपी उडाली हे मला कसं माहीत?

भिंगरीचा_दादा:
टोपी दुसऱ्या दिवशी उडाली. पण थांब, ती सापडली होती का आपल्याला कधी?

भिंगरी:
नाही. शेवटपर्यंत नाही सापडली.